चष्म्यातली नववी पायरी

माझ्या पायांतली ताकद जात होती तेव्हा मी त्यावर पत्रक काढलं. पत्रकात आजाराचं नाव नव्हतं, कारण ते मला माहीत नव्हतं. पत्रकात एका लाकडी पायरीवर आरोप होता. दोन्ही बाजूंनी छापलेला, फोटोसकट.

हे लिहिते आहे ते 'मणक्याचा टीबी' हे शब्द ज्यांच्या कानावर नुकतेच पडलेत त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी, कारण अर्धा आजार त्यांना होतो. गोळ्यांची नावं, हाडांची चित्रं इथे मिळणार नाहीत. ती डॉक्टरांना विचारा. एकदा सांगून नाही कळलं तर परत विचारा, लाजू नका. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगते, आणि त्यात मी कुठे कुठे खोटं बोलले तेही.

पायरी

लालबागला आमची चाळ आहे, तळमजला अधिक तीन. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो: आई, माझा मोठा भाऊ प्रशांत आणि मी, सुजाता. बाबा मी दहावीत असताना गेले. आई हिंदमाताला साड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. गिऱ्हाईकाने उलगडून टाकलेल्या साड्यांच्या परत घड्या घालणं हे तिचं काम. दादा लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. मी चाळीजवळच्या छापखान्यात बसते. दिवसा लग्नपत्रिका लावते, संध्याकाळी आमच्या भाडेकरू समितीची पत्रकं लिहिते. समितीत मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ.

आमच्या पहिल्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत आणि नववी सैल आहे. कधीपासून, ते कोणालाच आठवत नाही. आम्ही ती सोडतो. पोर चालायला लागलं की त्याला आधी आठवीवरून दहावीवर कसं जायचं ते शिकवतात. पाहुणा चढायला लागला की वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडतंच, "नववी सोडा हो!" नव्या सुनेला उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आधी नववी ओलांडावी लागते, तीही शालू सांभाळत.

पहिल्या मजल्यावर गजाकाका राहतात. मालवणकडचे, सुतार. गणपतीत मंडळांच्या देखाव्यांचे सांगाडे उभे करतात. दोन वर्षांपूर्वी ते एक जाड फळी आणि हातोडा घेऊन जिन्यात बसले होते. मी वरून धावत गेले.

"काका, हात लावू नका. पुरावा आहे तो."

"पुरावो? गो, पायरी ती."

"मालकाने दुरुस्ती करायची आहे. आपण आपल्या हाताने केली की तो सुटला. आणि चाळ पाडून टॉवर बांधणारा बिल्डर आपला करार नोंदवत नाही तोवर जिना किती धोक्याचा आहे ते आपल्याला दाखवायचंय."

काकांनी फळी उचलली. "बरा बाय. तू शिकलेली," म्हणाले आणि गेले. पुढच्या पत्रकावर नवव्या पायरीचा फोटो होता.

त्याच सुमारास बिल्डरची माणसं चाळीत आली. मंडळाच्या खोलीत टेबल मांडून त्यांनी एकेकाच्या डोळ्यांवर तो काळा व्हीआरचा चष्मा चढवला आणि न बांधलेल्या टॉवरमधलं घर दाखवलं. लोक खुर्चीवर बसून माना वळवत होते, हवेत हात फिरवत होते. आईने तर खिडकी उघडायला हात पुढे केला. दादा चष्मा काढून म्हणाला, "भारी आहे यार. उद्या सगळं असंच होणार." मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा होता 'डोळ्यांवर चष्मा, पायाखाली काय?'

मग ते काठीला कॅमेरा लावून चाळभर फिरले. जिने, गॅलऱ्या, खोल्या, सगळं टिपून घेतलं. का, तर नव्या टॉवरच्या लॉबीत जुन्या चाळीची आठवण म्हणून दाखवणार. मी आडवी गेले. "आम्ही अजून जिवंत आहोत. आठवण कसली काढता?" लोक हसले. आईने आमच्या खोलीचं दार उघडून दिलं. म्हणाली, "येऊ दे गं, कालच लादी पुसलीय."

पडले ते

पाठ दुखत होती. संध्याकाळी अंगात कणकण असायची. वजन उतरलं होतं. समितीतल्या बायका म्हणायच्या, "सुजा, बारीक झालीस, छान दिसतेस." मी धावपळ करते म्हणून होतंय असं मी धरून चालले होते.

एकदा लालबागच्या पुलाखालून जाताना मागून भाजीवालीने हाक मारली, "ओ ताई, चप्पल!" वळून पाहिलं तर माझी डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे पडली होती. मी अनवाणी चालत होते आणि मला कळलं नव्हतं. मी हसले, चप्पल घातली, पुढे गेले. हे मी कोणाला सांगितलं नाही. हे वाक्य नीट वाचा, कारण माझं सगळं नुकसान त्यात आहे.

पंधरा दिवसांनी मी जिना चढत होते. आठवीवरून दहावीसाठी पाय उचलला, तो पुरेसा उचललाच गेला नाही. अंगठा नववीला अडकला आणि मी खालपर्यंत आले. मनगट मोडलं. चाळ गोळा झाली. सगळे एकच म्हणत होते, नववीने घात केला. मीही तेच म्हणाले. मला तेच हवं होतं.

पत्रकाला तीन गोष्टी लागतात: आरोप, फोटो, मागणी. माझ्याकडे तिन्ही होत्या. प्लास्टरमधला हात पायरीशेजारी धरून मी फोटो काढून घेतला. 'अजून किती जणांनी पडायचं?' असं वर छापलं. ते पत्रक भारतभर नाही तरी लालबागभर फिरलं. मी सहा आठवडे खाटेवर पडून त्याचं कौतुक ऐकलं. पाय जड झाले होते. मुका मार आहे, उतरेल, असं मी सगळ्यांना सांगत होते.

निदानाचा दिवस

शेवटी दादाने मला खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, "पडायच्या आधी पायांना काही होत होतं?"

मी म्हणाले, "नाही. पायरी तुटकी आहे." आणि पर्समधून पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं, घडी घालून मला परत दिलं. मग छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्याखाली टकटक केलं. पाय असा उडाला की त्यांच्या टेबलाला लागला. डोळे मिटायला लावून त्यांनी माझा अंगठा वर-खाली केला आणि विचारलं, कुठे आहे? मी म्हणाले, वर. दादाचा चेहरा बघून कळलं की खाली होता.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "पायरीने असं होत नाही."

एमआरआय झाला. दोन मणके पोखरले होते आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. टीबी. आईचं पहिलं वाक्य होतं, "पण ही खोकत नाही हो." तुमच्या घरातही हेच म्हणतील. टीबी फुप्फुसातच होतो असं नाही, आणि माझ्यासारखा, नुसता मणक्यातला, शेजारी बसल्याने सहसा कोणाला लागत नाही. डॉक्टरांनी हे आईला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा मान हलवली आणि घरी जाऊन माझं ताट वेगळं काढलं. चार दिवसांनी तिने ते स्वतःच परत एकत्र केलं.

बाहेर व्हरांड्यात दादा फुटला.

"चप्पल सुटायची ना तुझी? मी पाहिलंय. गॅलरीत. दोनदा."

"मग बोललास का नाही?"

"तुझ्याशी बोलायचं? तू पत्रक काढशील माझ्यावर! सहा आठवडे, सुजा. सहा आठवडे तू त्या लाकडावर घातलेस."



वॉर्ड

ऑपरेशन झालं. पाठीत सळ्या आणि स्क्रू बसले. त्याचं वर्णन करत नाही, मी झोपले होते.

वॉर्डात दिवस पहाटे सुरू होतो, थर्मामीटरने. मग अंग पुसणं, चादर बदलणं, गोळ्या, राउंड, जेवण, गोळ्या, भेटीची वेळ. चादर बदलताना तुम्हाला लाकडाच्या ओंडक्यासारखं एका कुशीवर लोटतात. पहिल्या दिवशी मी रडले. चौथ्या दिवशी मी आयाबाईला म्हणत होते, "मावशी, त्या बाजूने ओढा, सुरकुती राहिलीय." गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, घाबरू नका. पोट ढवळतं, त्याला घाबरलात तरी गोळी चुकवू नका. आई दुकानातून थेट यायची आणि माझ्या पांघरुणाची साडीसारखी चापूनचोपून घडी घालायची. तिच्याकडे बोलायला काही नसायचं तेव्हा ती परत उलगडून परत घालायची.

शेजारच्या खाटेवर मंगलमावशी. अँटॉप हिलच्या वस्तीतल्या. आजार तोच, फक्त त्यांचे मणके माझ्याहून खालचे. चार घरी पोळ्या करायच्या. त्यांची खोली वरच्या माळ्यावर, जायला बाहेरून लोखंडी शिडी. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तू ती पायरीवाली ना? तुझ्या भावाने सांगितलं. मी तरी कोणाला बोल लावू? शिडी माझ्या नवऱ्यानेच लावलीय."

भीती कशाची वाटते हे कोणी विचारत नाही. मरणाची नव्हती वाटत. मला वाटत होतं की मी तळमजल्यावर राहीन. कोणाच्या तरी उपकाराने, कोणाच्या तरी पडवीत, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आईच्या तोंडून ऐकत राहीन. मला माझ्या पायांनी घरी जायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि तेच कोणी कबूल करत नव्हतं.

बर्फ

पाय हळूहळू परतले. पट्टा बांधून, वॉकर धरून सपाटीवर चालायला लागले. तळव्यांची जाणीव मात्र आली नाही. पाय कुठे आहे ते मला बघूनच कळायचं. हॉस्पिटलच्या जिन्यापाशी नेलं की मी गोठायचे. घाम, धडधड, हात वॉकरला चिकटलेले. फिजिओच्या नीता मॅडम म्हणाल्या, "स्नायू तयार आहेत तुझे. तू तयार नाहीस."

त्यांच्या खोलीत एक काळा चष्मा होता. तोच. बिल्डरने आईच्या डोळ्यांवर चढवला होता त्याचाच भाऊ. माटुंग्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातली अदिती नावाची मुलगी तिच्या प्रोजेक्टसाठी तो घेऊन यायची. तुमच्या बुटांना दोन डब्या बांधायची, त्यामुळे चष्म्यात तुमचे पाय दिसायचे. समोर एकच खरी लाकडी पायरी ठेवलेली, वरून दोरीचा आधार आणि मागून मॅडमनी धरलेला कमरेचा पट्टा. तुम्ही तीच एक पायरी चढायची, उतरायची. चष्म्यात मात्र पुढची पायरी यायची, मग त्यापुढची. ती डोंगरावर जायची वाट होती, दोन्ही बाजूंना बर्फ.

मी म्हणाले, "मी हा चष्मा लावणार नाही. यावर मी पत्रक लिहिलंय."

मंगलमावशी खुर्चीतून ओरडल्या, "अगं, पत्रक चष्म्याला वाचता येत नाही! बस गुपचूप." त्यांनी स्वतः कधीच लावून पाहिला होता. "थंडी वाजत नाही मेली. पण बघायला बरं. इथे धुणं कुठे वाळत घालतात कोण जाणे."

मी लावला. खोटं बोलत नाही, पहिल्या पाच मिनिटांत मी रडले. पडल्यापासून सात महिन्यांनी मला माझे पाय वर जाताना दिसत होते. रागाने रडले की आनंदाने, अजून ठरवता आलेलं नाही.

पण बर्फातून उतरून खऱ्या जिन्यापाशी गेले की परत तेच, पाय गोठायचे. अदितीने विचारलं, "तुला सगळ्याच जिन्यांची भीती वाटते की एका?"

"एका."

"त्याचा स्कॅन मिळाला तर मी तो यात घालू शकते."

मला हसू फुटलं. स्कॅन होता. बिल्डरच्या काठीवरच्या कॅमेऱ्याचा, मी ज्याला आडवी गेले होते तोच.

फाईल

दादा बिल्डरच्या ऑफिसात गेला. मी त्याला सांगितलं होतं, हात जोडायचे नाहीत, अट मान्य करायची नाही, कशावर सही करायची नाही. तिथले शेट्ये नावाचे साहेब आमच्या चाळीचं काम बघतात. माझी सगळी पत्रकं त्यांच्या फाईलला लावलेली आहेत. मला वाटलं होतं ते म्हणतील, आधी पत्रक मागे घ्या. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

दादा पेनड्राइव्ह घेऊन आला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, बहिणीला सांगा लवकर बऱ्या व्हा. आणि आमच्या जिन्यावरून पडल्या त्याचं वाईट वाटलं."

"'आमच्या' जिन्यावरून?"

"सुजा. पेनड्राइव्ह घे आणि गप्प बस."

अट घातली असती तर बरं झालं असतं. त्या माणसाचा अजूनही समज होता की पायरीने मला पाडलं, आणि तो समज मीच छापून दिला होता.

रिकामी चाळ

अदितीने आठवड्यात जिना चष्म्यात आणला. मी पट्टा बांधून उभी राहिले आणि समोर आमचा जिना आला. कठड्याला बांधलेला दोरखंड, भिंतीवरचा मीटरबॉक्स, हात लागून काळा पडलेला कोपरा. मॅडमनी विचारलं, "जिना असाच आहे ना?"

मी मोजत वर पाहिलं. सात, आठ, नऊ. नववी धड होती. सरळ, सपाट, बाकीच्यांसारखी. मी अदितीला विचारलं तशी ती म्हणाली, "स्कॅनमध्ये अशा तुटक्या जागा सॉफ्टवेअर स्वतःच भरून घेतं. का? काही वेगळं आहे का तिथे?"

मी म्हणाले, "नाही. असाच आहे."

का म्हणाले? दोन कारणं. एक, खरं सांगितलं तर तिने नववी मोडकी केली असती आणि मला परत तिथेच अडखळावं लागलं असतं. दुसरं कारण सांगायला लाज वाटते. जन्मापासून त्या जिन्यात असून मी नववीवर कधी पाय ठेवला नव्हता. मला ठेवून बघायचा होता.

तीन आठवडे मी रोज ठेवला. आठ, नऊ, दहा. किती सोपं असतं ते!

अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी मी चष्म्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले. गॅलरीत एकही वाळत टाकलेला कपडा नव्हता. दाराबाहेर चपला नव्हत्या. पिंप नव्हतं, तुळस नव्हती. आमचं दार उघडं होतं. आत लादी चकाचक, आणि खोलीत कोणी नव्हतं. आईची खाट नव्हती. बाबांचा फोटो नव्हता, त्या जागी कोरी भिंत. त्या दिवशी आई तिथेच दाराशी उभी होती, मला पक्कं आठवतं. तिलाही पुसून टाकलं होतं. पदराचा एक हिरवा तुकडा तेवढा चौकटीपाशी हवेत राहून गेला होता.

मी चष्मा ओरबाडून काढला. मॅडम म्हणाल्या, चक्कर आली का? मी म्हणाले, हो.

शिडी

मंगलमावशींनी अदितीला एकदा विचारलं, "बाळा, माझी शिडी नाही का गं येणार यात?"

अदिती प्रामाणिक मुलगी आहे. तिने दोनदा अँटॉप हिलला जाऊन मोबाइलवर शिडीचं शूटिंग केलं. गल्ली इतकी अरुंद की मागे सरकून पूर्ण शिडी टिपता येईना. जमलं नाही. परीक्षा आली, प्रोजेक्ट संपला, चष्मा पेटीत गेला आणि पेटी कॉलेजात.

लोक विचारतात, या नव्या यंत्रांनी माणसाचं आयुष्य बदलेल का? बदलेल. माझं बदललं, मी नाकारत नाही, 'डोळ्यांवर चष्मा' लिहिणारी मीच. पण माझा जिना त्यात होता कारण आमच्या चाळीखालच्या जमिनीला भाव आहे. मावशींच्या शिडीखाली विकण्यासारखं काही नाही, म्हणून तिची नक्कल कोणी केली नाही. त्यांच्या वाट्याला बर्फ आला. त्या आज बहिणीकडे तळमजल्यावर राहतात. परवा फोनवर म्हणाल्या, "वरची खोली माझा नवरा सांगतो मला, फोनवरून. तो सांगतो म्हणजे निम्मं खोटंच."

सोळा पायऱ्या

घरी आले तो रविवार होता. आई पुढे, दादा मागे पट्टा धरून. गॅलरीत सगळे वाकून उभे. कोणी बोलत नव्हतं, आमच्या चाळीत असं कधी होत नाही.

एक, दोन, तीन. दोरखंड हातात. चष्म्यात शिकवल्याप्रमाणे नजर पायांवर. सात. आठ. माझा पाय उचलला गेला आणि सरळ नववीकडे निघाला.

"नववी सोड!"

तीन मजले एकदम ओरडले. दादाने पट्टा एवढा ओढला की माझा श्वास अडकला. पाय परत आठवीवर आला. आई दहाव्या पायरीवरून खाली बघत होती.

"सोड ना गं," ती म्हणाली. "आठवीवरून दहावीवर ये."

तेव्हा मला कळलं. नववी सोडायला जेवढा पाय उचलावा लागतो तेवढा माझा पाय आता उचलत नाही. आणि नववीवर मी उभी राहू शकत नव्हते, कारण ती मी दुरुस्त होऊ दिली नव्हती. दादा मागून हळूच म्हणाला, "उचलून नेऊ?" मी मान हलवली, नाही. खाली उतरायची ताकद नव्हती, वर जायला पायरी नव्हती.

गजाकाका खाली चौकात उभे होते, ते तिथून कधी निघाले मला दिसलं नाही. जिना पाठीमागून मोकळा आहे, दोन पायऱ्यांच्या मधून पलीकडचं दिसतं. त्या फटीतून मला त्यांची टोपी दिसली. ते जिन्याखाली शिरून उभे राहिले होते आणि दोन्ही तळहात वर करून त्यांनी नववीची फळी खालून दाबून धरली होती.

"ठेव पाय."

"काका, हाताला लागेल."

"माझ्या हातार ठेव. मी आसंय खाली. देखाव्याचे हत्ती धरलंय मी, तुझा काय वजन गो!"

मी पाय ठेवला. फळी हलली नाही. माझ्या तळव्याला काही कळलं नाही, कळणारच नव्हतं. खाली त्यांची बोटं लाकडाबाहेर आलेली मला दिसत होती, नखं पांढरी पडलेली. मी ते बघितलं आणि दुसरा पाय उचलला. दहा. आईने माझा दंड धरला. उरलेल्या सहा पायऱ्या आणि वरचे दोन जिने कसे गेले ते मला सांगता येत नाही.

वर आमच्या दाराशी चपलांचा ढीग होता. मी त्या मोजत उभी राहिले. आत बाबांचा फोटो जागेवर होता.

दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. फोटो नाही, मागणी नाही, आरोप स्वतःवर. 'गेल्या पत्रकात माझ्या पडण्याचा दोष जिन्याच्या नवव्या पायरीला दिला होता. ते खरं नव्हतं. मला मणक्याचा टीबी झाला आहे. पायरी सैल आहे हे खरं. गजाकाका ती दोन वर्षांपूर्वी नीट करणार होते. मी करू दिली नाही. ती आता करावी.'

समितीचे सेक्रेटरी वाचून म्हणाले, "अगं, शेट्ये हे फ्रेम करून लावेल. आपला पुरावा गेला."

"जाऊ दे. माझा पाय त्यात गेला असता."

आईचं वेगळं होतं. तिने आजवर सगळ्यांना 'पाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं होतं. दादाचं लग्न ठरवायचं होतं. तिने कागद हातात धरून विचारलं, "टीबी हा शब्द टाकायलाच हवा?"

"हवा. सहा आठवडे नाही टाकला म्हणून हे झालं."

तिने गठ्ठा पुढे ओढला आणि एकेका पत्रकाची मधोमध घडी घालायला लागली. साडीची घालते तशी, कडेला कडा जुळवून. दादा म्हणाला, "मी वाटतो. तू बस."

पुढच्या रविवारी काकांनी नववी बदलली. जाड सागवानी फळी, चार खिळे, अर्ध्या तासाचं काम. मालकाला मी दुरुस्तीची नोटीस पाठवली आहे, करार अजून नोंदलेला नाही, भांडण चालूच आहे. गोळ्याही चालू आहेत. तळवे बधिर आहेत, कदाचित तसेच राहतील असं डॉक्टर म्हणतात.

गॅलरीतून खाली बघत बसते तेव्हा दिसतं, पायरी नवी होऊनही सगळी चाळ तिला सोडूनच चढते. आई, दादा, शाळेतून येणारी पोरं, खुद्द गजाकाका. इतक्या वर्षांचे पाय आहेत, ऐकत नाहीत. तिच्यावर पाय ठेवणारी मी एकटीच. ठेवण्याआधी मी थांबते आणि फटीतून खाली बघते, कोणी आहे का.